मोटारसायकलचा जामीन आणि माणसाचा जामीन

माझ्या आयुष्याचा बराचसा काळ लोकांना जामीन राहण्यात गेला आहे. संपात पकडलेला खाणकामगार असो की मोर्चात अडकलेला बांबूतोड्या मजूर असो, त्याच्यासाठी कागदपत्रांची पिशवी घेऊन कोर्टाच्या पायरीवर उभे राहणे हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. शाळा मी आठवीत सोडली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील एका मोडक्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि कोर्टातल्या कारकुनांच्या तोंडून. त्यामुळे इतर शब्दांचे काहीही असो, ‘जामीन’ ह्या शब्दाचा अर्थ आपल्याला पुरता कळला आहे, अशी माझी समजूत होती. ती समजूत दोन हिवाळ्यांपूर्वी एका तरुणाने मोडली.

हा तरुण म्हणजे कोळसाखाणीतल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. एका संध्याकाळी तो कचेरीत आला आणि म्हणाला, “काकाजी, जमानत पाहिजे.”

मी नेहमीच्या सवयीने विचारले, “कोणाला पकडले रे?”

“पकडले कोणाला नाही. गाडीला जमानत पाहिजे.”

आम्ही सारे हसलो. पण तो गंभीर होता. मोटारसायकलवर एकट्याने पूर्व आफ्रिका पालथी घालायची आणि खाली झांबेझी नदीपर्यंत जायचे, असा त्याचा बेत होता. मोटारसायकल मुंबईहून बोटीने केनियातील मोम्बासा बंदरात पाठवायची, आपण विमानाने जायचे आणि तिथून पुढे एकामागून एक देशांच्या सीमा रस्त्याने ओलांडायच्या. त्यासाठी गाडीच्या नावाने बँकेत हमी ठेवावी लागते. त्या हमीसाठी वडिलांच्या फंडाच्या पैशाला हात लावावा की नाही, हे विचारायला तो माझ्याकडे आला होता.

असल्या बेतांना आपल्याकडे परंपरा नाही असे नाही. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रदक्षिणेला निघाले आणि त्यांपैकी हकीम, बापसोला आणि भुमगरा हे तिघे १९२८ साली ती पुरी करून परतले. आमच्या ह्या मुलाने ती गोष्ट वाचली होती. मी मात्र त्या रात्री त्याचे कागद वाचत बसलो. त्यांतून मला जे समजले ते प्रथम सांगतो. प्राणहितेच्या काठावरची आमची गोष्ट त्याच्या पाठोपाठ आपोआप येईल.

सीमेवरचा अधिकारी कोणत्याही देशाचा असो, तो तीन प्रश्न विचारतो. तू कोण? तुझ्या अंगात काही रोग तर नाही ना? आणि तुझ्याबरोबर आहे ती वस्तू कोणाची, व तू ती परत नेणार की इथेच विकणार?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पासपोर्ट देतो. त्याच्या जोडीला ज्या त्या देशाचा व्हिसा लागतो. केनियाने २०२४ पासून व्हिसा काढून टाकून त्याच्या जागी निघण्यापूर्वीच मिळवायची परवानगी सुरू केली आहे. टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. गाडी चालवायला आपल्या आर. टी. ओ.कडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. त्याची मुदत एक वर्षाची असते. चंद्रपूरच्या ज्या कचेरीत आपण साधे लायसन काढतो, त्याच प्रकारच्या कचेरीतून निघालेला हा कागद परदेशातला पोलीस मान्य करतो, कारण १९४९ साली जिनिव्हा येथे अनेक राष्ट्रांनी तसा करार केलेला आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला. आफ्रिकेच्या पुष्कळ भागांत हा रोग आहे. आपल्या देशात तो नाही. पण तो ज्या डासामुळे पसरतो तो डास आपल्याकडे मुबलक आहे. डेंग्यू पसरवणारा जो डास, तोच हा. म्हणून आफ्रिकेतले देश हा दाखला मागतात आणि परत येताना आपले सरकारही मागते. दाखला नसेल तर आल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि २०१६ पासून तो जन्मभर चालतो.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत अवघड आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मनोरंजक आहे. मोटारसायकल ही विकता येणारी वस्तू आहे. परदेशी गाडी देशात आली की तिच्यावर जकात बसते. प्रवासी म्हणतो, “मी ती विकायला आणलेली नाही, महिन्याभराने घेऊन जाईन.” पण त्याच्या शब्दावर विश्वास कोणी ठेवावा? तो उद्या गाडी विकून विमानात बसला तर जकात बुडाली. दर सीमेवर जकात भरावी आणि बाहेर पडताना परत मागावी, हा एक मार्ग झाला; परंतु सरकारी तिजोरीत गेलेला पैसा परत मिळवण्यात किती जन्म जातात, ते इथल्या पेन्शनर मंडळींना मी सांगायला नको.

यावर मोटारचालकांच्या संस्थांनी एक युक्ती काढली आणि १९५४ साली न्यूयॉर्क येथे झालेल्या करारात राष्ट्रांनी तिला मान्यता दिली. ह्या युक्तीचे नाव ‘कार्ने’. कार्ने म्हणजे गाडीचे पासबुक. आपल्याकडे मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारखी संस्था ते देते. देताना ती गाडीची किंमत पाहते, कोणकोणत्या देशांतून जाणार ते विचारते आणि त्या मानाने बँकेची हमी मागते. काही देशांसाठी ही हमी गाडीच्या किमतीहूनही अधिक असते. त्यानंतर ती संस्था जगाला सांगते की, ह्या गाडीला मी जामीन आहे. गाडी तुमच्या देशातून बाहेर पडली नाही तर जकात माझ्याकडून घ्या.

पुस्तकाची रचना पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना तिथला जकात अधिकारी खालचा भाग फाडून ठेवतो. बाहेर पडताना मधला भाग फाडला जातो. वरचा भाग पुस्तकातच राहतो. चेकबुकात जशी स्थळप्रत राहते, तशी ही स्थळप्रत. तिच्यावर आत आल्याचा एक शिक्का आणि बाहेर गेल्याचा एक शिक्का, असे दोन शिक्के पडले पाहिजेत. पुस्तकाची मुदत एक वर्ष. प्रवास संपला की ते संस्थेकडे परत द्यायचे. संस्था पान न् पान तपासते आणि सर्व पानांवर दोन-दोन शिक्के असले तरच बँकेची हमी मोकळी होते. एक शिक्का जरी राहिला तरी कागदाच्या दृष्टीने ती गाडी अजून त्या देशातच आहे. मग ती इथे चंद्रपुरात आपल्या दारात उभी असली तरी!

त्या तरुणाने हमी भरली. वडिलांचा फंड न मोडता कशी भरली, ती हकीकत वेगळी आहे. यथावकाश तो निघाला आणि एके दिवशी नमंगा नावाच्या गावातून त्याचा फोन आला.

नमंगा हे केनिया व टांझानिया यांच्या सीमेवरचे गाव. नैरोबीहून अरुशाला जाणारा हमरस्ता त्यातून जातो. पूर्वी इथे एका देशाच्या कचेरीत रांग लावून बाहेर पडायचे आणि थोडे पुढे जाऊन दुसऱ्या देशाच्या कचेरीत पुन्हा रांग लावायची, असा प्रकार होता. २०१८ च्या डिसेंबरात दोन्ही देशांच्या अध्यक्षांनी तिथे एकत्रित चौकीचे उद्घाटन केले. आता केनियातून निघालेला प्रवासी थेट टांझानियाच्या बाजूच्या इमारतीत जातो. तिथे दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छपराखाली बसतात. एक बाहेर पडल्याचा शिक्का मारतो आणि शेजारचा आत आल्याचा. आफ्रिकेतील अशी पहिली चौकी झांबिया व झिंबाब्वे यांच्यामध्ये चिरुंडू येथे २००९ च्या डिसेंबरात सुरू झाली.

एकट्या प्रवाशाची पहिली अडचण आपल्या ध्यानात सहजी येणार नाही. तो आत खिडकीवर उभा असताना बाहेर सामानाने लादलेल्या गाडीकडे कोण पाहणार? जोडीदार नाही. आमच्या मुलाने चहा विकणाऱ्या एका बाईच्या दुकानापुढे गाडी लावली, तिच्याकडून दोन कप चहा घेतला आणि तिला सांगून आत गेला. जगात कुठेही जा, चहावालीच्या नजरेसारखा पहारा नाही.

इमारतीच्या दाराशी चार-पाच जणांनी त्याला गराडा घातला. कोणी म्हणे मी कागद करून देतो, कोणी म्हणे मी पैसे बदलून देतो. कचेऱ्यांच्या बाहेर अर्ज लिहून देणारे आपल्याकडे बसतात, त्यांचेच हे भाऊबंद. वडिलांच्या संगतीने कचेऱ्या पाहिलेल्या ह्या मुलाने त्यांना हात जोडले आणि रांगेत उभा राहिला. आधी लसीचा दाखला पाहिला. मग पासपोर्टवर केनियातून बाहेर पडल्याचा शिक्का, मग टांझानियात शिरल्याचा शिक्का. इतके झाले म्हणजे माणूस सीमेपार गेला. गाडी मात्र अजून जायची होती.

जकातीच्या खिडकीवर कार्ने दिला. अधिकारी बाहेर आला, वाकून गाडीच्या चासिसवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर वाचला, पुस्तकातल्या नंबराशी ताडून पाहिला. केनियाच्या पानाचा मधला भाग फाटला, टांझानियाच्या पानाचा खालचा भाग फाटला. स्थळप्रतीवर शिक्के पडले. आमच्या मुलाने तिथेच उभे राहून शिक्क्यावरची तारीख वाचली आणि शाई वाळेपर्यंत पान मिटले नाही. त्यानंतर तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा पिवळा कागद दाखवला. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतील पुष्कळ देशांनी मिळून हा विमा सुरू केलेला आहे. त्यामुळे एका देशाच्या गाडीने दुसऱ्या देशात कोणाला धडक दिली तरी जखमी माणसाला भरपाई मिळण्याची सोय राहते. एवढे झाल्यावर दांडा वर झाला. दोन्ही देशांत आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने चालतात, तेव्हा पुढचा रस्ता त्याला परका वाटला नाही.

हे सारे ऐकून मी त्याला विचारले, “बाकीचे लोक कसे जात होते?”

तो म्हणाला, “काकाजी, ट्रकवाले रांगेत उभे होते. आणि गावातले लोक इकडून तिकडे जात-येत होते. दोन्हीकडे मसाईच राहतात ना.”

हे त्याचे वाक्य महत्त्वाचे आहे. केनिया-टांझानियाची ही सीमा नकाशावर पाहा. व्हिक्टोरिया सरोवरापासून निघालेली रेघ पट्टीने आखल्यासारखी समुद्राकडे जाते आणि फक्त किलिमांजारो पर्वताला वळसा घालते. १८८६ साली इंग्लंड आणि जर्मनी यांनी आपसांत केलेल्या वाटणीतली ही रेघ. ज्यांच्या गायरानांतून ती गेली त्या मसाई लोकांना कोणी विचारले नाही. पुढे हे देश स्वतंत्र झाले. सगळ्या जुन्या रेघा उकरल्या तर लढायांना अंत राहणार नाही, म्हणून १९६४ साली कैरो येथे आफ्रिकी राष्ट्रांनी आहेत त्या सीमा मान्य करण्याचे ठरवले. रेघ राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंना सोयरेही राहिले.

आता हे चित्र तसेच डोळ्यांपुढे ठेवून आपल्या जिल्ह्यांकडे या. गडचिरोलीपासून दोनशेहून अधिक किलोमीटरांवर सिरोंचा आहे. तिथे प्राणहिता गोदावरीला मिळते; पलीकडे तेलंगण. थोडे पुढे गेले की इंद्रावती आणि तिच्या पलीकडे छत्तीसगड. १८६० साली निजामाने इंग्रजांना गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके तहाने दिले, त्यांत सिरोंचाचा मुलूख होता. म्हणून नदी ही सीमा झाली. सिरोंचाच्या बाजारात आजही मराठीइतकीच तेलुगू ऐकू येते आणि इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर गोंड-माडियांची सोयरीक आहे. इकडे राजुरा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या जकातखात्याला करोडगिरी म्हणत. वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरला येणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्यात येणे होते. जिवतीच्या डोंगरातील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर यांसारख्या १४ गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथल्या लोकांनी दोन्हीकडची रेशनकार्डे बाळगली आणि दोन्हीकडे मतदान केले. मसाईंची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

मी स्वतः प्राणहिता पहिल्यांदा मोटारसायकलसह ओलांडली ती नावेने. तेव्हा पूल नव्हता. दोन नावा एकत्र बांधून वर फळ्या टाकलेल्या. त्यावर गाडी आडवी धरून मी बसलो होतो आणि पेट्रोलच्या टाकीत पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर गमछा गुंडाळला होता. झांबेझी नदीवर कझुंगुला येथेही बोत्स्वाना आणि झांबिया यांच्या मध्ये अनेक वर्षे असाच तराफा चाले आणि ट्रकवाले दिवसच्या दिवस आपल्या पाळीची वाट पाहत. २०२१ च्या मे महिन्यात तिथे ९२३ मीटर लांबीचा पूल सुरू झाला. आता सिरोंचालाही पूल झाले आहेत. परंतु त्या दिवशी नावेतून उतरल्यावर मला एका गोष्टीचे फार समाधान वाटले होते. कोणी मला कागद विचारला नाही. आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलो, भाषा बदलली, कलेक्टर बदलला, तरी घटनेच्या १९ व्या कलमाने मी देशभर फिरायला मोकळा होतो. आफ्रिकेतल्या प्रवाशाच्या नशिबी जे नाही ते आपल्याला जन्मतः मिळाले, असे मला वाटले. ते खरेही आहे. पण ते अर्धेच खरे आहे, हे मला त्याच नदीने पुढे शिकवले.

दरवर्षी धान कापून झाले की आमच्या दोन्ही जिल्ह्यांतून माणसांची रीघ तेलंगणात मिरची तोडायला लागते. पौष-माघात जायचे आणि तेंदूपत्त्याच्या हंगामापर्यंत परतायचे. बायका, पुरुष, कधी पाठीवरचे पोर, अशी टोळीच्या टोळी मालवाहू गाडीत उभी राहून जाते. मुकादम गावात येतो, चार हजार-पाच हजार उचल देतो, फोन नंबर कागदाच्या कपट्यावर लिहितो आणि निघतो. शेत कोणाचे, गाव कोणते, दर काय, हे जाणाऱ्याला पुष्कळदा तिथे पोचल्यावरच कळते. मजुरी कधी रोख, कधी मिरचीच पोत्यात भरून देतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक टोळी परतत असताना रात्री गाडी उलटली. एका बाईचा पाय मोडला. अपघात नदीच्या पलीकडे झाला. मी मोटारसायकल काढली आणि पहाटे तिकडे पोचलो. पलीकडच्या कचेरीत म्हणाले, “ही तुमच्या राज्यातली माणसे, तुमच्याकडे दाद मागा.” अलीकडच्या कचेरीत म्हणाले, “घटना आमच्या हद्दीत नाही.” गाडी भाड्याची, ड्रायव्हर पळालेला, मुकादमाचा फोन बंद, शेतमालकाचे नाव कोणालाच ठाऊक नाही. महिन्याभरात मी चार वेळा तो पूल ओलांडला. प्रत्येक वेळी माझ्या गाडीचा विमा, माझे लायसन, गाडीचे कागद खिशात होते. गाडीला खरचटले असते तरी भरपाई कोणाकडे मागायची ते त्यावर छापलेले होते. त्या बाईकडे मात्र तिच्या मजुरीचा, तिच्या मालकाचा, तिच्या प्रवासाचा एकही कागद नव्हता. शेवटी शेतमालक सापडला, त्याने माणुसकीने दवाखान्याचा अर्धा खर्च दिला आणि प्रकरण मिटले. ती बाई आजही काठीच्या आधाराने चालते.

मग २०२० साल आले. २५ मार्चपासून देश बंद झाला तेव्हा मिरचीचा तोडा चालूच होता. ज्या सीमेवर कोणी कागद विचारत नव्हते, तिथे एका रात्रीत अडथळे उभे राहिले. कोण कुठे अडकले आहे याची यादी आमच्याकडे मागितली गेली. ती आमच्याकडे नव्हती, मुकादमांकडे नव्हती, सरकारकडेही नव्हती. लोक जंगलातून, नदीच्या उथळ पाण्यातून चालत आले. आमच्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातली १२ वर्षांची एक मुलगी तेलंगणातल्या मिरचीच्या शेतावरून आपल्या लोकांबरोबर तीन दिवस चालत निघाली होती. १८ एप्रिलला, घर थोडे दूर राहिले असताना, ती वाटेतच गेली.

आता त्या तरुणाच्या पुस्तकाकडे परत वळू. ते हातात घेऊन बसलो होतो त्या रात्री माझ्या मनात हेच आले. एका मोटारसायकलला सीमेपलीकडे काही झाले तर विचारणारी संस्था आहे. ती कोठून आत गेली याचा शिक्का आहे, बाहेर पडली नाही तर हिशेब मागणारा कोणी आहे. मुंबईतला कारकून वर्षअखेर पान उलटून म्हणतो, “इथे एक शिक्का कमी आहे, गाडी कुठे आहे?” माझ्या टोळीतला माणूस परत आला नाही, तर असे विचारणारे पान कुठे आहे?

कायद्याला ही गोष्ट सुचलीच नव्हती असे कोणी समजू नये. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा केला. ज्या ठिकाणी परराज्यातले पाच किंवा अधिक कामगार असतील तिथे तो लागू होता. ठेकेदाराने लायसन घ्यावे, जाण्या-येण्याचा भत्ता द्यावा आणि प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, त्यात कामाचे ठिकाण, मुदत आणि मजुरीचा दर लिहावा, असे त्यात होते. म्हणजे माणसाचा कार्नेच! पण तीस वर्षांच्या कामात मिरचीच्या टोळीतल्या एकाही माणसाच्या हातात मी असे पासबुक पाहिलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. तिच्यात आपणहून परराज्यात गेलेला कामगारही धरला आहे, ही चांगली गोष्ट. परंतु पाचाच्या जागी आता दहा कामगारांची अट आली आहे. रेशनकार्ड २०२२ पासून देशातील सर्व राज्यांत चालू लागले आहे, हाही खरोखरीचा लाभ आहे. पण रेशनकार्ड धान्य देते. ते मजुरीला आणि मोडलेल्या पायाला जामीन राहत नाही.

म्हणून गेल्या हंगामात आम्ही एक साधे काम केले. शाळेत मिळते तशी दोनशे पानांची वही घेतली. एका टोळीला एक पान. पानाच्या वरच्या भागात जाताना लिहायचे: माणसांची नावे, मुकादमाचे नाव आणि नंबर, गाडीचा नंबर, शेताचे गाव, ठरलेला दर, घेतलेली उचल. त्याची एक प्रत टोळीतल्या शिकलेल्या मुलीच्या हातात, एक ग्रामपंचायतीत. खालच्या भागात परतल्यावर लिहायचे: तारीख, मिळालेली मजुरी आणि प्रत्येक नावापुढे ‘आला’ किंवा ‘आली’. स्थळप्रत आमच्या कपाटात. मुकादमांनी आधी नाके मुरडली. एक जण म्हणाला, “कामरेड, मजुरांना पण नंबर टाकता काय आता गाडीसारखा?” मी म्हणालो, “गाडीला आहे तेवढे तरी मिळू दे.” पुढे तोच मुकादम आपणहून वहीत सही करू लागला, कारण एका शेतमालकाने दर कमी केला तेव्हा लिहिलेला दर दाखवून त्याचेही कमिशन वाचले होते.

ही वही म्हणजे कायदा नव्हे, हे मला ठाऊक आहे. तिच्यामागे बँक नाही, करार नाही. तिच्यामागे फक्त विचारणारी माणसे आहेत. पण कार्नेचे तरी मूळ काय? मोटारी बाळगणाऱ्या लोकांनी संस्था काढल्या आणि एका संस्थेने दुसरीला शब्द दिला. राष्ट्रांची मान्यता मागाहून आली. ह्या व्याख्यानमालेला येणाऱ्या मंडळींत शिक्षक आहेत, पेन्शनर आहेत, दुकानदार आहेत, नदीपलीकडे सोयरे असलेलेही पुष्कळ आहेत. मिरचीच्या हंगामात एका गावाची एक वही ज्याने त्याने सांभाळली, आणि पलीकडच्या गावात ओळखीचा एक माणूस जोडून ठेवला, तर पुढच्या अपघाताच्या वेळी चार वेळा पूल ओलांडावा लागणार नाही. सरकारकडे पासबुक मागायला जाऊ तेव्हा हातात काही दाखवायलाही असेल.

तो तरुण सात महिन्यांनी परतला. झांबेझीपर्यंत गेला, गाडी बोटीने परत आणली, पुस्तक मुंबईला दिले. सर्व पानांवर दोन-दोन शिक्के होते. बँकेची हमी मोकळी झाली. पेढे घेऊन तो कचेरीत आला तेव्हा मी त्याला आमची वही दाखवली. ३१ टोळ्या, ३१ पाने. तेंदूचा हंगाम लागेपर्यंत तीन नावांपुढे ‘आला’ लिहायचे राहिले होते. त्यांपैकी दोघे एका दवाखान्यात तापाने पडलेले सापडले. वहीत शेताचे गाव लिहिलेले होते म्हणूनच सापडले. त्यांना घेऊन आलो. तिसऱ्याचा तपास अजून चालू आहे. त्याच्या नावापुढची जागा कोरी आहे, आणि ती भरेपर्यंत ते पान आम्ही मिटणार नाही.